शुक्रवारी भरलेली टाकी

हॉटेलात शिरले की भगवंतभाऊ आधी कढईकडं पाहत, मग मालकाकडं.

डबा उघडला की तेलात करंगळी बुडवत. थेंब अंगठ्याच्या नखावर चोळत. नख चिकट राहिलं तर मान हलवत.

चहा बशीत ओतून निववत आणि पुन्हा कपात ओतून पीत.

वडा खात नसत. कुणी आग्रह केला तर म्हणत, "मी त्याला मागनं भेटतो."

गाडीतून उतरल्यावर बॉनेटवर हात ठेवत. बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

शर्टाच्या डाव्या खिशात हळदीची पुडी असे. त्यांच्या सगळ्या शर्टांचे डावे खिसे पिवळे होते.

एखादी चूक झाली की ते कबूल करत नसत आणि नाकारतही नसत. दुसरंच काही विचारत. कांद्याचं विचारत, चहाचं विचारत. ही सवय माणसांच्या उशिरा लक्षात आली. कुशाबाच्या तर अजूनही आलेली नाही.

अवसरी बुद्रुकला त्यांचं घर. वडील रखमाजी कांदा-बटाटा करणारे. जमीन चार पिढ्यांची, विहिरीला पाणी. दोन भाऊ शेतीत रमले. भगवंत विहिरीवरच्या डिझेल इंजिनापाशी बसून राहायचा. "इंजान बंद पडलं की या पोराला सण व्हतो," असं रखमाजी म्हणायचे. पुढं आयटीआय झाली. मग चाकणकडं एका कारखान्यात एकोणीस वर्षं गेली. वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल करणारा तो कारखाना. भाऊ फिटर म्हणून लागले. सोडला तेव्हा सगळा प्लँट त्यांना पाठ होता. पदवी घेऊन नवी मुलं येत. भाऊ त्यांना कुठला व्हॉल्व्ह कधी फिरवायचा ते शिकवत. मुलं त्यांना काका म्हणत आणि वर्षभरात त्यांचे साहेब होत. याबद्दल भाऊ कधी तक्रार करत नसत. पण विसरलेही नव्हते.

कारखाना गुजरातला हलला आणि भाऊ गावी आले. तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. त्यांनी जळकं तेल गोळा करायचा परवाना काढला आणि एक जुनी पिकअप घेतली. नारायणगाव, जुन्नर, मंचर, घोडेगाव आणि वर भीमाशंकरपर्यंतची हॉटेलं बांधून घेतली. श्रावणात भीमाशंकरला साबुदाणा वड्यांचं तेल डब्यांनी निघे. आधी ते तेल रस्त्यावरच्या भज्या-वड्यांच्या हातगाड्यांना जाई आणि पुन्हा कढईत पडे. भाऊ हॉटेलवाल्यांना म्हणत, "मालक, हे मानसाच्या पोटात जाण्यापरीस इंजनाच्या पोटात जाऊ द्या. इंजनाला पित्त न्हाय व्हत." गोळा झालेलं बरंचसं तेल मोठ्या कारखान्याला जाई. थोडं ते स्वतःसाठी ठेवत.

मळ्यात पत्र्याची शेड होती. डेअरीनं भंगारात काढलेला दुधाचा कूलर त्यांनी आणला होता. त्यातच सगळं चाले. आधी तेल गाळायचं, मग तापवून त्यातलं पाणी उडवायचं. मग ते किती जळलंय ते पाहायचं. भाऊ काचेच्या पेल्यात स्पिरिट घेत. त्यात मोजून थोडं तेल, चिमूटभर हळद आणि वरून कॉस्टिकचं पाणी थेंबाथेंबानं. पिवळा रंग लाल झाला की हात थांबे. "कुंकू झालं," असं ते स्वतःशीच म्हणत. जितके जास्त थेंब, तितकं तेल खराब. त्यावरून कॉस्टिक किती घालायचं ते ठरे. मग मिथेनॉल घालून ढवळायचं. दुसऱ्या दिवशी खाली काळं ग्लिसरीन बसलेलं असे आणि वर मधाच्या रंगाचं इंधन.

इंधन विकायचा परवाना नव्हता. म्हणून भाऊ विकत नसत, देत. घेणारे चार-पाच ओळखीचे. बदल्यात सातगाव पठारावरून बटाटे येत. डोंगरातून तांदूळ येई, हिरडा येई. पिकअप गावातून गेली की मागं वड्याचा वास रेंगाळे. पारावरचे म्हणत, "भाऊ, तुमची गाडी गेली की भूक लागती राव. गाडीमागं एक हातगाडी बांधा."

इंधन घेणाऱ्या मंडळींचा एक नेम होता. शनिवारी तेल घरात आणायचं नाही. पंपावरचं डिझेल शनिवारीही भरत, कारण ते तेल नव्हे. भाऊंचं इंधन मात्र कढईतून आलेलं. ते तेलच. शनिवारी शेडवर चिटपाखरू नसे.

भाऊंचाही एक नेम होता. दिवाळी ते होळी ते कुणालाच टाकीभर देत नसत. अर्धी टाकी पंपावर भरून यायची, मग वरची अर्धी ते भरत. हॉटेलांत सगळं पामतेल. त्याचं इंधन थंडीत गोठतं. दहा-बारा अंशांवर ते धुरकट होतं, आणखी गारठलं की पांढरं. अर्धं डिझेल असलं तर निभावतं. कारखान्यात हे भाऊंनी शंभर वेळा पाहिलं होतं. पण अर्धंच का, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आपल्या मालात खोट आहे हे तोंडानं म्हणणं त्यांना जमलं नाही. लोकांनी आपापला अर्थ काढला. भाऊंचा हात आखडता आहे, असं ठरून गेलं.

कुशाबा डिंभ्याच्या वर डोंगरात राहणारा. थोडं भात, थोडी नाचणी आणि एक जुनी जीप. शनिवार-रविवार भीमाशंकरचे भाविक वाहायचा. भाऊंपेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान आणि जिभेचा तिखट. भाऊंची थट्टा करायची सूट फक्त त्याला होती.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारीतला शुक्रवार होता. अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली पाच-सहा मुलं शेड पाहायला आली होती. भाऊंनी त्यांना हळदीचं कुंकू करून दाखवलं. मुलं खाली बसून वहीत लिहून घेत होती. भाऊ बोलत होते ते शब्द, जसेच्या तसे. एकोणीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. भाऊ त्या दिवशी जरा जास्तच ताठ उभे होते.

कुशाबाची जीप दारात लागली.

"भाऊ, उद्या शनवार. काय द्यायचं ते आजच द्या. दोन दिस लई गर्दी हाय वर."

"पंपावर जाऊन आलास?"

"न्हाय. टाकी पार कोरडी हाय."

"मग अर्धी देतो. जाता जाता अर्धी भरून घे."

कुशाबा मुलांकडं वळला. "बघा रं पोरांनो. एवढा मोठा कारखाना, पन हात अर्धाच. उद्या पंगतीला बोलावलं तर अर्धी पोळी वाढत्याल आन् म्हनत्याल, ऱ्हायलेली अर्धी हॉटेलात खा."

मुलं हसली. तेजस्विनी नावाची एक मुलगी मात्र हसली नाही. तिनं पेन उचलून विचारलं, "काका, म्हणजे शंभर टक्क्यांवर इंजिन चालत नाही का?"

साधा प्रश्न होता. त्याचं साधं उत्तरही भाऊंकडं होतं. उन्हाळ्यात चालतं, थंडीत अडतं. मुलीनं तेही लिहून घेतलं असतं.

"चालत न्हाय? कोन म्हनतं?" भाऊ म्हणाले. त्यांनी नळी जीपच्या टाकीत घातली. "शंभर टक्के आपलं. घे फुल."

कुशाबानं हात जोडले. "आज देव पावला."

शनिवारी पहाटे ठमाबाई, कुशाबाची आई, चूल पेटवायला उठली. तिच्या उजव्या हातातलं पातेलं सुटलं. कुशाबा धावला तेव्हा तिचं तोंड वाकडं झालं होतं आणि शब्द फुटत नव्हता. त्यानं तिला उचलून जीपमध्ये ठेवलं. जीप तिसऱ्या चावीला सुरू झाली. चार किलोमीटर चालली. वळणावर गचके खाल्ले आणि बंद पडली. खाली धरणाचं पाणी, वर धुकं. रस्त्यावर कुणी नाही. सव्वापाचला त्यानं भाऊंना फोन लावला.

"भाऊ, गाडी बंद पडली. मागं आय हाय. तिचं तोंड वाकडं झालंय."

भाऊ अंथरुणात उठून बसले. त्यांना त्याच क्षणी सगळं कळलं. काय करायचं तेही कळलं. थोडा पालापाचोळा पेटव, पाणी गरम कर, फडकं भिजवून फिल्टरवर ठेव. पाच मिनिटांत गाडी सुरू होईल. एवढंच सांगायचं होतं. ते ओठांवर आलंही होतं. पण ते म्हणायचं तर आधी का गोठलं ते म्हणावं लागलं असतं.

"निघालो मी," भाऊ म्हणाले.

जाताना त्यांनी बायकोला, प्रतिभावहिनींना, पाणी उकळायला लावलं. थर्मास भरून घेतला. कशाला, ते वहिनींना कळलं नाही.

पिकअपला तिथं पोचायला पाऊण तासाच्या वर लागला. तोवर दुधाची गाडी आली होती आणि कुशाबा आईला घेऊन मंचरकडं गेला होता. जीप वळणावर एकटी उभी होती. भाऊंनी बॉनेट उघडलं. फिल्टरचं भांडं काढलं. आत डालड्यासारखा पांढरा गोळा. त्यांनी ते पुन्हा बसवलं आणि थर्मासमधलं पाणी वरून ओतलं. जीप सुरू झाली. त्यांच्या मनगटावर घड्याळ होतं. त्यांनी ते पाहायला नको होतं. चार मिनिटं लागली होती.

मंचरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचेल, पण असल्या आजारात वेळेला फार किंमत असते. लवकर आणलं असतं तर हात वाचला असता का, असं कुशाबानं विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. खरंच सांगता येण्यासारखं नव्हतं. हे वाक्य पुढं भाऊंनी मनात फार वेळा म्हणून पाहिलं. त्याचा उपयोग झाला नाही.

पिकअप वळणावरच सोडून भाऊ जीप घेऊन दवाखान्यात आले. कुशाबा जिन्यावर बसला होता.

"काय निघालं, भाऊ?"

"फिल्टर."

"वाटलंच मला. जुना झाल्ता. तुमी कवाधरनं म्हनत व्हता, बदल. म्याच ध्यान दिलं न्हाय." तो स्वतःच्या हातांकडं पाहत राहिला. "आयला म्याच मारलं."

हीच वेळ होती. भाऊ त्याच्या शेजारी बसले.

"चहा घेतलास का?" त्यांनी विचारलं.

ठमाबाई जगली. उजवा हात गेला. बोलणंही गेलं. फक्त 'हां' एवढं उरलं, आणि तेच ती सगळ्याला म्हणायची. कुशाबानं शनिवारचे भाविक घेणं सोडलं. दर महिन्याला फिल्टर बदलू लागला. काढलेले जुने फिल्टर तो फेकत नसे. दारापुढच्या वळचणीला खिळ्यांवर टांगून ठेवी. कुणी विचारलं तर म्हणे, "ध्यानात ऱ्हावं म्हून."

भाऊंनी थंडीत शेड बंद ठेवायला सुरुवात केली. मिथेनॉल मिळत नाही असं सांगत. उन्हाळ्यातही अर्ध्याच्या वर कुणाला देत नसत. आता कुणी थट्टा केली तर हसत नसत. कॉलेजातून पुन्हा मुलं आली तेव्हा ते विहिरीकडं निघून गेले आणि वहिनींना सांगायला लावलं, घरी नाहीत.

पहिल्या वर्षाच्या शेवटी एका दुपारी वहिनी ओट्यावर वाटाणा सोलत होत्या. भाऊ समोर येऊन बसले. त्यांनी दोन शेंगा सोलल्या आणि सगळं सांगून टाकलं. फोनवर न बोललेलं वाक्यसुद्धा.

वहिनींचे हात थांबले. त्या म्हणाल्या, "कुशाबाला सांगा."

"सांगतो. त्याचं भात निघू दे."

भात निघालं. मग म्हणाले, शिवरात्रीची गर्दी होऊ दे. मग कुशाबाच्या मुलीचं, आरोहीचं लग्न निघालं. मंगल कार्यात कशाला, म्हणाले. मग भाताची आवणी आली. चिखलात उभ्या असलेल्या माणसाला काय सांगायचं.

"त्याला वाईट वाटंल," ते एकदा म्हणाले.

"आत्ता काय चांगलं वाटतंय त्याला?" वहिनी म्हणाल्या.

यावर भाऊंनी कांद्याचा भाव विचारला. वहिनी उठून आत गेल्या.

दर खेपेला डोंगरात गेलं की परत येताना गाडीत तांदळाची पिशवी असे. भाऊ नको म्हणत. कुशाबा ऐकत नसे. "तुमी त्या दिशी अंथरुनातनं उठून पळत आला. आमी ते इसरनार न्हाय." ठमाबाई डाव्या हातानं त्यांच्यासाठी घोंगडी पसरे आणि म्हणे, "हां." त्या पिशव्या वहिनींनी कणगीत वेगळ्या ठेवल्या. त्यातला तांदूळ घरात कधी शिजला नाही.

या जानेवारीत, एका मंगळवारी, भाऊ उठले आणि म्हणाले, "आज जाऊन येतो." वहिनींनी कुठं म्हणून विचारलं नाही. भाऊंनी शेडमध्ये जाऊन एक काचेची बाटली भरली. निव्वळ आपलं, काही न मिसळलेलं.

दुपारी ते कुशाबाच्या अंगणात पोचले. नाचणीची भाकरी झाली, चहा झाला. भाऊंनी दोनदा सुरुवात केली. "कुशाबा, ती जीप," एवढं पहिल्यांदा म्हणाले.

"चांगली पळती. काल नवा फिल्टर टाकला," कुशाबा म्हणाला.

दुसऱ्यांदा म्हणाले, "त्या दिशी तू फोन केला व्हता..."

"आन् तुमी आला," कुशाबा म्हणाला. ठमाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं मान हलवली. "हां."

भाऊ उठले. गाडीतून बाटली आणली. अंगणाच्या कडेला, वळचणीपासून दूर, एक आंबा होता. त्याच्या खालच्या फांदीला त्यांनी बाटली तारेनं बांधली.

"हे काय वो, भाऊ? दिष्ट लागली का आंब्याला?"

"ही रातभर हितंच ऱ्हाऊ दे. सकाळी दिस उगवायच्या आत मी येतो. मग तुला दावतो."

"हाय काय त्यात?"

"आपलंच तेल."

"मंग त्यात दावायचं काय? बघितलंय की म्या ते."

"न्हाय बघितलं तू," भाऊ म्हणाले. "मी येईस्तवर हात लावू नगंस."

त्यांचा विचार साधा होता. गोठलेलं तेल कुशाबानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की निम्मं काम होईल. उरलेलं बोलायला तोंड उघडेल. घरी आल्यावर वहिनींना त्यांनी हेच सांगितलं. त्या रात्री ते पोटभर जेवले. बऱ्याच दिवसांनी.

बुधवारी पहाटे चार वाजता उठले. स्वेटर घातला, कानटोपी घातली, बाहेर गेले. पिकअपचं दार लागल्याचा आवाज वहिनींनी ऐकला. इंजिनाचा आवाज येईना. थंडीनं धरलं असेल असं त्यांना आधी वाटलं. टॉर्च घेऊन त्या बाहेर आल्या. भाऊ स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसले होते. चावी हातातच होती. छप्पन्न वर्षं. कधी साधी गोळी घेतली नव्हती. आदल्या संध्याकाळी त्यांच्याशी बोललेली माणसं दुसऱ्या दिवशी घाटावर उभी होती आणि एकमेकांना तेच तेच विचारत होती.

डोंगरात कुशाबा त्या पहाटे लवकर उठून आंब्याखाली शेकोटी करून बसला होता. मग त्याला वाटलं, भाऊंनी काही सांगितलं नाही, पण धग लागून बाटली तडकायची. त्यानं शेकोटी लांब सरकवली. उजाडलं तेव्हा बाटली पांढरी झाली होती. त्यानं आईला हाक मारली. ठमाबाई हळूहळू चालत आली आणि तिनं डावं बोट काचेला लावलं. कुशाबा रस्त्याकडं पाहत राहिला. आठ वाजता फोन आला तो वहिनींच्या दिराचा.

दहाव्याला तो वहिनींना भेटला.

"वैनी, भाऊ काय दावनार व्हते?"

भोवती माणसं होती. वहिनींनी पदर तोंडाला लावला. त्यांना उत्तर माहीत आहे. ते आपण द्यायचं की नाही, हे त्यांना अजून ठरवता आलेलं नाही. त्या म्हणतात, मी सांगितलं तर ते माझं सांगणं होईल, ह्यांचं नाही.

बाटली कुशाबानं काढलेली नाही. येईपर्यंत हात लावू नको, असं भाऊ सांगून गेले होते. थंडी अजून सरलेली नाही. सकाळी तो अंगणात येतो तेव्हा ती पांढरी असते. दहा वाजेपर्यंत ती मधासारखी होते. दोन्ही वेळा तो समोर उभा राहून नीट पाहतो. त्यानंतर जीपकडं जातो, बॉनेट उघडतो आणि नवा फिल्टर पुन्हा एकदा काढून पाहतो.